थवा गोदावरीवर, डेंग्यूचा डास घरात

सांजवेळी गोदाकाठच्या दिव्यांभोवती बारीक कीटकांचे थवे दिसू लागले की नाशकात एकच ओरड होते: "डास वाढले, आता डेंग्यू येणार, धूर फवारा!" हे ऐकून ऐकून कान किटले.

नदीवरून उठणारे असे थवे बहुधा कायरोनोमिड कुळातल्या कीटकांचे असतात. रूप डासाचे, पण रक्त शोषणारी सोंडच नाही. त्यांना चावताच येत नाही. ओळख सोपी आहे. भिंतीवर बसल्यावर हा कीटक पुढचे पाय उचलतो, डास बहुधा मागचे.

पंख फुटल्यावर त्याचे आयुष्य काही दिवसांचेच. बाकीचे बहुतेक जाते ते अळीच्या रूपात, पाण्याच्या तळाशी गाळात. युरोपातल्या तळ्यांमधला कायरोनोमस प्लूमोसस असाच गाळात नळी करून राहतो. या गटातल्या अनेक अळ्या लालभडक असतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते. म्हणूनच प्राणवायू कमी असलेल्या घाण पाण्यातही त्या तगतात. नदीत सांडपाणी मिसळले की इतर जलचर कमी होतात आणि यांचे फावते.

आता धुराने काय साधणार? तो उडत्या कीटकांपुरताच. तळातल्या अळ्यांना त्याचा स्पर्शही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची डेंग्यू मार्गदर्शिकाही अशी फवारणी केवळ साथीच्या आणीबाणीतच करा, असे सांगते. डेंग्यूचा एडिस डास वाढतो तो घरातल्या साठवणीच्या पाण्यात, कूलरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या टायरात. आणि चावतो मुख्यतः दिवसा.

"नदीवरचे हे कीटक निरुपयोगी आहेत." नाहीत. मासे आणि नांदूर मधमेश्वरसारख्या पाणथळीतले शेकाट्यासारखे पक्षी त्यांच्या अळ्यांवर पोसतात.

"टाकीतल्या लाल अळ्या पोटात गेल्या की जंत होतात." होत नाहीत. पण टाकी उघडी आहे, एवढे त्यावरून कळते. ती धुवा आणि झाका.

"म्हणजे त्रास शून्य." तसेही नाही. सुदानमध्ये नाईलकाठी या कीटकांच्या थव्यांमुळे दमा बळावल्याचे अभ्यास आहेत. दमेकऱ्यांनी अशा वेळी खिडक्या लावून घ्याव्यात, बाहेरचे दिवे मालवावेत.

घरातले साठवलेले पाणी आठवड्यातून एकदा रिकामे करणे आपले काम. आणि महापालिकेकडे मागायचेच असेल, तर धूर नको; गोदावरीत मिसळणारे नाले बंद करा, असे मागा.