चांदीतला देव आणि चांदीतली टोपली

आज आपण भाटघरला बसलोय, म्हणून सुरुवात इथूनच करू. भाटघर म्हटलं की धरण आठवतं. येळवंडी नदीवरचं, इंग्रजांच्या काळातलं, 1920 च्या दशकात पुरं झालेलं. त्याच्या जलाशयाला आज येसाजी कंकांचं नाव आहे. धरण आलं की खोऱ्यातली घरं आणि शेतं पाण्याखाली जातात, हे या मावळाला कुणी सांगायला नको. अशा वेळी जातं मागे राहू शकतं, दाराची चौकट मागे राहू शकते. पण देव्हाऱ्यातले टाक मागे ठेवून कुणी घर सोडत नाही. आज आपल्याला या टाकांबद्दल बोलायचंय. आणि त्यांची ओळख नीट पटावी म्हणून, जरा लांब जाऊन, रशियातल्या चांदीच्या टोपलीबद्दलही.

आधी टाक. ऐकणाऱ्यांत शहरातली तरुण मंडळी आहेत, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली देवाची लहानशी प्रतिमा. बहुधा पंचकोनी, वरती निमुळती, तळहातात मावेल एवढी. करायची रीत अशी: धातूच्या ठशात देवाची आकृती उलटी, खोलगट कोरलेली असते. त्यावर चांदीचा पत्रा ठेवून ठोकतात, आकृती पत्र्यावर उठते. मग बारकावे काढायचे, मागून तांब्याचा पत्रा लावून कडा दुमडायच्या. घोड्यावरचा खंडोबा, महिषासुराला मारणारी भवानी, भैरोबा, आणि त्या त्या घराच्या ग्रामदेवता. त्यांच्याबरोबर एक घोडेस्वार पुष्कळ घरांत असतो. तो देव नाही, तो वीर. घरातला कुणी पूर्वज, लढाईत किंवा अवेळी गेलेला.

हा वीर नीट पाहा. गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात ना, दगडावर कोरलेले? तोच आकार इथं चांदीत उतरलाय. डोळे मोठे, हातपाय आखूड, घोडा लहान. शहरी नजरेला वाटतं, कारागिराला जमलं नाही. तसं नाही. हे दगड कोरणाऱ्याचं, लाकूड घडवणाऱ्याचं रूप आहे, आणि सोनाराने ते बदललेलं नाही. म्हणजे लोककला चांदीत आली, पण तिने वेश पालटला नाही.

आता रशियाकडे जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉस्कोच्या चांदीकारांनी एक विलक्षण प्रकार केला. साझिकोव, ओव्चिन्निकोव, ख्लेब्निकोव ही त्यातली मोठी घराणी. त्यांनी खेड्यातल्या साध्या वस्तू चांदीत हुबेहूब घडवल्या. झाडाच्या सालीची विणलेली पावाची टोपली घ्या. साल कशी एकीखालून एक जाते ते चांदीत दिसतं. टोपलीवर सुती रुमाल टाकलेला, त्याचा धागा, घडी, झालर, सगळं चांदीचं. पाहुण्याने रुमाल बाजूला करायला हात घालावा आणि बोटाला थंड धातू लागावा, अशी गंमत. शेतकरी लिंडेनच्या सालीचे विणलेले जोडे घालत, तेही चांदीत आले. हंसाच्या आकाराचा लाकडी पेयपात्र होतं, ‘कोव्श’ म्हणतात त्याला, ते चांदीत आलं, वर मिन्याचं काम लेऊन.

हे तेव्हाच का झालं? 1861 साली रशियात भूदासप्रथा रद्द झाली. कोट्यवधी शेतकरी कायद्याने मोकळे झाले, आणि शिकलेल्या वर्गाला एकदम प्रश्न पडला: आमचा खरा रशिया कुठला, पॅरिसची नक्कल करणारा की या खेड्यांतला? त्या शोधात टोपली जेवणाच्या मेजावर आली. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पावेल ओव्चिन्निकोव, ज्याने 1853 मध्ये मॉस्कोत आपला कारखाना काढला, तो स्वतः भूदास म्हणून जन्मलेला होता. म्हणजे हा सगळा श्रीमंतांचा खेळ होता असं म्हणून मोकळं होता येत नाही. टोपली विणणाऱ्यांच्यातूनच आलेला माणूस ती चांदीत घडवून विकत होता.

या चांदीवर छाप असतो, 84 आकडा. रशियात चांदीची शुद्धता 96 भागांत मोजत. त्यातले 84 भाग शुद्ध, म्हणजे साडेसत्याऐंशी टक्के. शेजारी कारखान्याचं नाव, शहराची खूण. आज जुनी रशियन चांदी घेणारा माणूस आधी भिंग लावून हे छाप वाचतो. वस्तू कुणाची, कधीची, कुठली, हे छापावरून ठरतं. छाप खोटा निघाला तर ती टोपली कितीही देखणी असो, तिची किंमत कोसळते.

आता आपल्या टाकाकडे परत या. त्यावर बहुधा काहीच नसतं. नाव नाही, साल नाही. मग तो ‘आपलाच’ टाक, हे घरातला माणूस कशावरून म्हणतो? आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाचं कुतूहल इथं जागं होतं.

कारण टाक कायम राहत नाही. रोजच्या स्नानाने, चिंचेने घासून, हळदीकुंकवाने तो झिजतो. नाक जातं, मग डोळे जातात. शेवटी तो सोनाराकडे जातो. जुनी चांदी आटवून, थोडी नवी घालून नवा टाक घडतो. पत्रा नवा, चेहरा नवा, कदाचित ठसासुद्धा दुसऱ्याचा. तरी आजी म्हणते, देव उजळून आणले. ‘नवे देव आणले’ असं ती म्हणत नाही.

मिलिंद राजाच्या आणि नागसेनाच्या संवादात एक दृष्टान्त येतो. रात्रभर एक दिवा जळतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच म्हणता येत नाही, वेगळीही म्हणता येत नाही. एकीच्या आधाराने दुसरी चालू राहते. नवरात्रात आपण काय करतो? टाक विड्याच्या पानांवर बसवतो, शेजारी अखंड दिवा लावतो. दृष्टान्त आणि देव एकाच ठिकाणी बसलेले असतात. टाकाचं ‘तेच’पण त्याच्या धातूत नाही, नुसत्या आकारातही नाही. ते चालू राहण्यात आहे. कुणीतरी रोज पाणी घालतं, जेजुरीला देव भेटवायला नेतं, त्यात आहे.

म्हणून आम्हाला एक काळजी वाटते. रशियात 1917 च्या क्रांतीनंतर घराघरांतली, राजवाड्यांतली, चर्चमधली चांदी बाहेर आली. काही वितळली, काही परदेशात विकली गेली. पण त्या टोपलीला छाप होता. ती परक्या देशातल्या काचेच्या कपाटात बसली तरी ‘मी ओव्चिन्निकोवची, मॉस्कोची’ असं सांगू शकते. आपला टाक ‘जुनी आदिवासी चांदी’ अशा चिठ्ठीखाली विकायला बसला, तर तो काहीही सांगू शकत नाही. त्याची सगळी ओळख माणसांच्या तोंडी होती, आणि ती माणसं तिथं नसतात. चाकण-पुण्याच्या सदनिकेत देव्हारा लहान होतो, मुलांना खंडोबा कुठला आणि वीर कुठला कळत नाही, तेव्हा हेच घरबसल्या होतं. विकावंही लागत नाही.

कुणी म्हणेल, मग जुने टाक आटवूच नयेत, जपून ठेवावेत. आम्ही असं म्हणणार नाही. झिजलेला टाक उजळणं ही त्या परंपरेचीच रीत आहे. ती थांबवली तर आपण देवाची शोभेची वस्तू करू. मात्र सोनाराकडे नेण्याआधी एवढं करा. उजेडात टाकाचा पुढून-मागून फोटो काढा. घरातल्या सर्वांत जाणत्या माणसाला शेजारी बसवून प्रत्येक टाक कुणाचा ते विचारा आणि लिहून ठेवा. वीर असेल तर तो कोण, कसा गेला, जेवढं आठवतं तेवढं. वहीत तारीख घाला, आणि ती वही देव्हाऱ्यातच ठेवा.

रशियन टोपलीला तिचा छाप सोनाराने दिला. आपल्या टाकाला तो आपणच द्यायचा आहे, आणि सांगणारी माणसं घरात आहेत तोवरच द्यायचा आहे. आता प्रश्न असतील तर विचारा.