राबणारे म्हणजे ठणठणीत?

‘सत्तरीतही शेतावर जातात, म्हणून तर ठणठणीत आहेत,’ असे आपण कौतुकाने म्हणतो. त्यात तथ्य आहे. हालचाल चालू राहिली की स्नायू टिकतात. पण जे अंथरुणाला खिळले ते कामावर दिसतच नाहीत, दिसतात ते उरलेले. साथरोगशास्त्रात या फसगतीला ‘निरोगी कामगार परिणाम’ म्हणतात.

आपल्याकडे गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, कारण इथे आजारपणातही काम सुटत नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. साठी ओलांडलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जण कामावर होते. ‘इंडिया एजिंग रिपोर्ट २०२३’नुसार ४० टक्क्यांहून अधिक ज्येष्ठ सर्वांत गरीब गटात मोडतात आणि १८.७ टक्के ज्येष्ठांना स्वतःचे उत्पन्नच नाही.

कामावरच्या ज्येष्ठांत पुरुष जास्त दिसतात. मला हा आकडा अपुरा वाटतो. घरच्या शेतात खुरपणी करणारी, शेण-पाणी आणि नातवंडे सांभाळणारी म्हातारी कुणी विचारले तर ‘मी घरीच असते’ म्हणते. जमीन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर, मजुरी हातात नाही. रजोनिवृत्तीनंतर तिची हाडे झपाट्याने ठिसूळ होतात, आणि खुरपणी तर उकिडवे बसूनच करायची.

पेन्शनचे काय? इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत महिना २०० रुपये, २००७ पासून तेवढाच. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजना आहे, पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. घरात कुणाला महिन्यात आठ-दहा दिवस मजुरी मिळाली तरी कागदावर ही मर्यादा ओलांडते.

मग उन्हात जावेच लागते. उतारवयात घाम कमी येतो, त्वचेकडे रक्त कमी वाहते आणि तहान उशिरा लागते. शरीर तापते आणि कळतही नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाणी आणि क्षार आणखी कमी होतात. अशांनी उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांना मात्रेबद्दल विचारावे. गोळी परस्पर बंद करू नये. पाणी तहानेची वाट न पाहता घोट-घोट प्यावे (हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास किती, ते विचारून). बोलणे असंबद्ध झाले तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडून न देता सावलीत आणून अंग ओले करावे, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा.

मोतीबिंदूचेही तसेच. शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि दिसू लागले की पडण्याचा धोकाही घटतो. मात्र नंतर काही आठवडे धूळ आणि जड ओझे टाळावे लागते. तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते, म्हणून ती पुढच्या हंगामावर ढकलली जाते.