नेट बंद पडलं, लॅपटॉप तापला: कुवेतमध्ये दोष शोधायचा कसा

कुवेतमधल्या आपल्या घरांत नेट बंद पडलं की सहसा दोनच उपाय होतात. राऊटर बंद करून पुन्हा चालू करायचा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर नवा राऊटर आणायचा. मधल्या पायऱ्या फारसं कोणी चढत नाही. लॅपटॉपचंही तेच. मंद झाला, मध्येच बंद पडू लागला, की ‘आता जुना झाला’ असा निकाल लागतो आणि सुट्टीच्या दिवशी खरेदी ठरते. खरं तर दोष घरातला आहे, इमारतीतला आहे, कंपनीचा आहे की थेट समुद्राखालचा, हे थोड्या वेळात घरबसल्या कळू शकतं. दोषाची जागा ठरल्याशिवाय एक दिनारही खर्च करू नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी जोडणी कोणती, ते पाहा

कुवेतमध्ये घरात नेट तीन वाटांनी येतं: जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून, फायबरवरून, किंवा सिमकार्ड घातलेल्या फोर-जी, फाईव्ह-जी राऊटरमधून. भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिसरी वाट सर्वात सोयीची, कारण घर बदललं की राऊटर पिशवीत टाकून नेता येतो. झेन, उरीडू (पूर्वीची वतनिया) आणि एसटीसी (पूर्वीची व्हिवा) या तिन्ही मोबाइल कंपन्या असे राऊटर देतात.

तारेच्या जोडणीत एक गोष्ट भारतातून नव्यानं आलेल्यांच्या लक्षात येत नाही. तारांचं जाळं मूळचं दळणवळण मंत्रालयाचं आणि त्यावर नेट देणारी कंपनी वेगळी. त्यामुळे टेलिफोनच्या तारेवरचं नेट गेलं तर आधी लँडलाइनचा रिसीव्हर उचलून कानाला लावा. टोन येत नसेल, तर दोष तारेचा किंवा थकलेल्या लँडलाइन बिलाचा असण्याची शक्यता मोठी. ते बिल घरमालकाच्या नावावर असेल, तर हारिसला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, किंवा मालकालाच विचारावं लागेल. नेटच्या कंपनीला कितीही फोन केले तरी उपयोग नाही.

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा असतो. तो लाल झाला, तर बाहेरून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही. काचेची ती बारीक तार सोफ्यामागे चेपली गेली आहे का, दारात दुमडली आहे का, एवढं पाहावं. ती दिसते तशी साधी वायर नाही, जोरात वाकवली तर आतून तुटते. घरात सगळं ठीक असेल, तर पुढचं काम कंपनीच्या माणसाचं.

तीन पिंग, तीन उत्तरं

संगणकावर ‘सीएमडी’ शोधून काळी खिडकी उघडा. तिथे ‘ping’ आणि पुढे पत्ता लिहून एंटर दाबलं, की त्या पत्त्याकडून उत्तर येतं का ते कळतं; यालाच पिंग म्हणतात. पहिलं पिंग आपल्या राऊटरला. त्याचा पत्ता राऊटरच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.८.१. दुसरं पिंग ८.८.८.८ ला, हा गूगलच्या एका सर्व्हरचा पत्ता आहे. तिसरं पिंग एखाद्या ओळखीच्या संकेतस्थळाच्या नावाला.

राऊटरकडूनच उत्तर आलं नाही, तर दोष घरातच: वाय-फाय, केबल किंवा लॅपटॉप. त्याच वाय-फायवर फोन नीट चालत असेल, तर लॅपटॉपकडे बघा. राऊटर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर अडचण राऊटरच्या पलीकडची, म्हणजे सिग्नलची, संपलेल्या डेटाची, न भरलेल्या बिलाची किंवा कंपनीच्या यंत्रणेची. आकड्याच्या पत्त्याला उत्तर मिळतं आणि नावाला मिळत नाही, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा बिघडली आहे. राऊटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहिलं की काम होतं.

आणखी एक प्रकार असतो. जुन्या संगणकात सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत, प्रत्येक ठिकाणी प्रमाणपत्राची तक्रार येते, आणि सगळे राऊटरला दोष देतात. तेव्हा घड्याळ पाहा. मदरबोर्डवरची सीआर-२०३२ ही छोटी गोल बॅटरी संपली की संगणकाची तारीख काही वर्षं मागे जाते, आणि तारीख चुकीची असेल तर ब्राउझर कुठल्याच प्रमाणपत्रावर विश्वास ठेवत नाही. अगदी स्वस्तात मिळणारी बॅटरी बदलली की नेट ‘सुरू’ होतं.

फाईव्ह-जी राऊटर कुठे ठेवावा

कुवेतमध्ये फाईव्ह-जी मुख्यतः ३.५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरींवर चालतं. या लहरी वेगवान असतात, पण काँक्रीटची भिंत त्यांना जड जाते, आणि ऊन परतवण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेली आरशासारखी काच तर त्याहूनही जड. इथल्या नव्या इमारतींना हीच काच बसवलेली असते. म्हणून टीव्हीच्या कपाटात ठेवलेला राऊटर रडतो, आणि तोच खिडकीपाशी, एखादं तावदान किंचित उघडं ठेवून तपासला तर वेग वाढलेला दिसतो.

अडचण अशी, की खिडकीपाशी सिग्नल असतो तसं ऊनही असतं. उन्हात तापलेला राऊटर वेग कमी करतो किंवा स्वतःहून बंद पडून पुन्हा सुरू होतो. दुपारी नेट तुटतं आणि रात्री बरं चालतं, अशी तक्रार असेल तर सिग्नलच्या आधी राऊटरला हात लावून बघा. पश्चिमेच्या खिडकीपेक्षा उत्तरेची चांगली. ती नसेल तर राऊटर पडद्याच्या आतल्या बाजूला, सावलीत ठेवावा.

राऊटरच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएसआरपी’ नावाचा सिग्नलचा आकडा दिसतो. उणे ८० ते उणे ९० असेल तर सिग्नल चांगला, उणे ११० च्या खाली गेला तर कमजोर. राऊटर घरात चार जागी ठेवून हा आकडा बघा आणि सर्वात चांगली जागा पक्की करा. आकडा चांगला असूनही रात्री नऊला वेग पडतो आणि पहाटे सुसाट असतो, तर ती गर्दी आहे. टॉवरची क्षमता त्या भागातल्या सगळ्यांत वाटली जाते, आणि महबुला, फरवानिया, सालमियासारख्या दाट वस्तीत ते जाणवतंच. तिथे महागडा राऊटर काहीही करू शकत नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम त्याच वेळी, त्याच जागी फोनमध्ये तपासून मगच कंपनी बदलावी.

घरातल्या वाय-फायचं गणित वेगळं. शेजारच्या प्रत्येक फ्लॅटमध्ये राऊटर असल्यानं २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात दाटी होते. तिथे चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडावा. टीव्ही आणि कामाचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवर न्यावा, आणि शक्य असेल तर सरळ केबल लावावी.

भारतात लावलेला कॉल अडकतो तेव्हा

आपल्या घरांतली सर्वात मोठी तक्रार ही: इथलं सगळं चालतं, पण आईशी बोलताना चित्र थिजतं. आधी पलीकडची बाजू तपासावी. गावाकडचं वाय-फाय मंद असेल, तर कुवेतमधलं नेट बदलून काय होणार? त्याच वेळी कुवेतमधल्याच मित्राला व्हिडिओ कॉल लावा. तो स्वच्छ चालला, तर आपला राऊटर निर्दोष आहे. मग घरातल्या फोनमधले फोटो त्याच वेळी क्लाउडवर चढत आहेत का, ते बघा. कॉलला वेग फार लागत नाही, पण बाहेर जाणारी वाट मोकळी लागते.

हेही ठीक असेल, तर दोष समुद्राखाली असू शकतो. कुवेत ते मुंबई हवाई अंतर सुमारे पावणेतीन हजार किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे सरळ वाटेनं जाऊन येण्यास किमान २७-२८ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबलची वाट वाकडी असल्यानं जास्तच लागतात. भारतातल्या एखाद्या पत्त्याला पिंग केल्यावर एरवी येणारा मिलिसेकंदांचा आकडा टिपून ठेवा. तो एखाद्या दिवशी दुप्पट-तिप्पट झाला आणि आठवडाभर तसाच राहिला, तर आपला डेटा लांबच्या वाटेनं फिरून जात आहे, असं समजावं.

हे काल्पनिक नाही. ३० जानेवारी २००८ रोजी भूमध्य समुद्रात अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या केबल तुटल्या, लगोलग आखातात फाल्कन केबल तुटली, आणि कुवेतपासून भारतापर्यंत नेट लंगडलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या तेव्हाही फाल्कनवर परिणाम झाला आणि कुवेतला त्याची झळ बसली. अशी केबल जोडायला जहाज जावं लागतं, आणि कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. त्या काळात राऊटर बदलणं, पॅकेज वाढवणं हा निव्वळ पैशाचा नाश आहे. बातम्या बघाव्यात आणि महत्त्वाचे कॉल पहाटे लावावेत. मुंबई आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते, तेव्हा घरी सकाळ झालेली असतेच.

भारतातली काही सरकारी संकेतस्थळं परदेशातून मुद्दामच उघडू दिली जात नाहीत. तेवढं एकच पान अडत असेल, तर तो आपल्या नेटचा दोष नाही.

तक्रार करताना

कंपनीला ‘नेट स्लो आहे’ असं सांगितलं, की राऊटर रीस्टार्ट करा एवढंच उत्तर येतं. पिंगचे निकाल, सकाळ-संध्याकाळचा मोजलेला वेग, आरएसआरपीचा आकडा सांगितला, की बोलणं बदलतं. तक्रार क्रमांक घ्यायचाच. दाद लागली नाही, तर २०१४ च्या ३७ क्रमांकाच्या कायद्यानं स्थापन झालेलं दळणवळण व माहिती तंत्रज्ञान नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘सिट्रा’, ग्राहकांच्या तक्रारी घेतं. तिथे तो तक्रार क्रमांक आणि सिव्हिल आयडी हाताशी ठेवा.

ऊन आणि धूळ: लॅपटॉपचे खरे शत्रू

२१ जुलै २०१६ रोजी कुवेतमधल्या मित्रिबा इथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. जागतिक हवामान संघटनेनं ही नोंद तपासून मान्य केली आहे. याउलट, अॅपल आपले लॅपटॉप वापरताना खोलीचं तापमान १० ते ३५ अंश आणि नुसतं ठेवताना ४५ अंशांपर्यंत असावं, असं सांगते. बाहेर सावलीतच ४५ च्या वर असताना, बंद गाडीच्या सीटवर ठेवलेल्या लॅपटॉपचं काय होत असेल? तो गाडीत ठेवून ‘दहा मिनिटांत येतो’ म्हणत सुपरमार्केटमध्ये जाऊ नका.

उष्णतेचा पहिला बळी बॅटरी. टचपॅड वर उचललं गेलं, क्लिक होईना, किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग त्याच क्षणी थांबवा. ती दाबून बसवायची नाही, टोचायची तर अजिबात नाही, विमानात न्यायचीही नाही. दाट वस्तीच्या इमारतीत, एका खोलीत चौघे राहतात तिथे, फुगलेली बॅटरी म्हणजे सगळ्यांच्या जिवाशी खेळ आहे.

दुसरा शत्रू तोझ, म्हणजे इथलं धुळीचं वादळ. मे २०२२ मध्ये तर त्यानं विमानतळावरची उड्डाणं थांबवली होती. खिडक्या बंद असल्या तरी पिठासारखी बारीक धूळ आत येते आणि पंख्यामागच्या जाळीवर नमद्यासारखी बसते. मग गरम हवा बाहेर पडत नाही, पंखा ओरडतो, प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि शेवटी लॅपटॉप बंद पडतो. पुष्कळसे ‘जुने’ झालेले लॅपटॉप फक्त धुळीनं गुदमरलेले असतात. वादळ ओसरलं की जाळी साफ करावी. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, पंख्याचं पातं टाचणीनं किंवा काडीनं धरून ठेवलेलं, आणि मग दाबाच्या हवेचे छोटे फवारे. पातं मोकळं ठेवून हवा मारली तर पंखा गरगरतो आणि बिघडतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट दिवसांत एसीतून बाहेर काढलेल्या थंडगार लॅपटॉपवर पाणी धरतं. तो बॅगेतच राहू द्यावा, आणि अंगचा थंडावा गेल्यावर मगच चालू करावा.

चालूच होत नाही तेव्हा

कुवेतमध्ये वीज २४० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. म्हणजे भारतातली उपकरणं चालतात, पण सॉकेट ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. या प्लगच्या पोटात फ्यूज असतो, आपल्याकडच्या प्लगमध्ये नसतो, म्हणून तो कोणाला आठवत नाही. मॉनिटर किंवा चार्जर अचानक गेला, तर आधी तो फ्यूज बदलून बघा. भारतातला गोल पिनांचा प्लग पेन्सिल खुपसून सॉकेटमध्ये घुसवण्याची सवय मात्र सोडाच. त्यात पिना सैल बसतात, ठिणग्या पडतात, आणि अर्थिंग मिळेलच याची खात्री नसते.

राऊटरचा अडॅप्टर बदलताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, आणि पिनेची अधिक-उणे बाजूही तीच. जून २०२४ मध्ये उन्हाळ्याच्या ताणामुळे कुवेतमध्ये ठरवून वीजकपात करावी लागली. तेव्हापासून राऊटरसाठी छोटा डीसी यूपीएस घेणं शहाणपणाचं झालं आहे.

लॅपटॉप मेलेला वाटला तर चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावा. दिवा लागतो पण पडदा काळा, तर टीव्हीला जोडून बघा. चित्र तिथे आलं, तर दोष पडद्याचा. डेस्कटॉपमध्ये रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवण्यानं पुष्कळदा काम होतं. जुन्या हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर दुसरं काही करण्याआधी फोटो आणि कागदपत्रं उतरवून घ्या.

दुरुस्तीला नेणार असाल, तर हवल्लीतला इब्न खलदून रस्ता संगणकाच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. तपासणीचे पैसे आधी विचारा, काढलेला जुना भाग परत मागा, आणि शक्य असेल तर डिस्क काढून घरी ठेवा. तिच्यात पासपोर्ट आणि सिव्हिल आयडीच्या प्रती असतात. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून जुन्या यंत्रावर पैसे घालण्यापूर्वी त्यावर विंडोज ११ चालेल का, हे दुकानदाराकडून वदवून घ्या.

सुट्टीत गावी जाण्याआधी

जुलै-ऑगस्टमध्ये एसी बंद असलेला फ्लॅट भट्टीसारखा तापतो. निघताना राऊटर आणि चार्जर सॉकेटमधून काढा, लॅपटॉप साधारण अर्धा चार्ज करून घरातल्या सर्वात थंड कोपऱ्यात ठेवा, किंवा सोबतच न्या. आणि मुलांच्या फोटोंची, प्रमाणपत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती हातातल्या बॅगेत टाका.