पडद्यावरचं डबकं आणि आजोबांचं पाऊल

विठ्ठलवाडी स्टेशनच्या पुलावरून उतरणाऱ्या आजोबांकडे जरा नीट बघा. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, कानावर अनाउन्समेंट, समोरून लोकल पकडायला धावत सुटलेली पोरं. पाय उतरतायत खरे, पण खरी धावपळ डोक्यात चालू असते.

हे शास्त्रज्ञांनीही ओळखलं. १९९७ साली स्वीडनच्या संशोधकांना दिसलं, की चालताना कुणी बोलायला लागलं की जी वृद्ध मंडळी थबकतात, ती पुढच्या सहा महिन्यांत पडण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे आजी गप्पा मारायला रस्त्यात थांबली, तर तिला घाई करू नका. दोन कामं एकदम करणं तिच्या मेंदूला जड जात असेल.

मग मेंदूलाही चालायला शिकवलं तर? ‘व्ही-टाइम’ नावाच्या प्रयोगात हेच केलं. बेल्जियम, इस्रायल, इटली, नेदरलँड्स आणि ब्रिटन या पाच देशांतले ३०२ जण, वय ६० ते ९०, सगळे मागच्या सहा महिन्यांत किमान दोनदा पडलेले. अंगाला सुरक्षेचा पट्टा, पायाखाली ट्रेडमिल, समोर मोठा पडदा. डोळ्यांवर गॉगल वगैरे काही नाही! कॅमेरा पावलं टिपतो आणि तीच पावलं पडद्यावरच्या आभासी वाटेवर चालू लागतात. वाटेत डबक्यासारखे अडथळे येतात. पाय नीट उचलला नाही, तर पाऊल आपटलेलं तिथल्या तिथे दिसतं. शिवाय लक्ष वेधणाऱ्या गोष्टी मध्येमध्ये येतात आणि कुठल्या वाटेनं जायचं तेही आपणच ठरवायचं. आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटं, सहा आठवडे. तुलनेसाठी काही जण पडद्याशिवाय नुसत्या ट्रेडमिलवर चालले.

निकाल २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. नुसत्या ट्रेडमिलवाल्यांचं पडण्याचं प्रमाण सहा महिन्यांत माणशी १०.७ वरून ८.३ वर आलं. पडद्यावाल्यांचं ११.९ वरून थेट ६ वर!

गंमत म्हणजे या ट्रेडमिलचा पूर्वज तुरुंगातला. १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट या इंग्रज इंजिनिअरनं कैद्यांना राबवायला पायांनी फिरवायचं चाक काढलं होतं. आणि आभासी जगाचा पहिला टोप, संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँडचा १९६८ चा, इतका अवजड की तो छताला टांगावा लागे.

आपल्याकडे? देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ च्या पाहणीत देशभरातल्या ७२ हजारांवर लोकांची माहिती गोळा केली, आणि त्यात ज्येष्ठांचा चालण्याचा वेगही मोजला. चालीकडे लक्ष द्यायलाच हवं, कारण जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. कल्याण ते उल्हासनगरच्या पट्ट्यात उखडलेले पेव्हर ब्लॉक, उघडी गटारं आणि अंगावर येणाऱ्या रिक्षा रोजच्याच. अडथळ्यांचा सराव इथे फुकट मिळतो, पण अंगाला पट्टा नसतो. म्हणून सरकारी दवाखान्यांत फिजिओथेरपीच्या खोलीत असं एखादं यंत्र यायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

तोवर घरी एक चाचणी करून बघा. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर नेहमीच्या चालीनं जायचं, वळून परत येऊन बसायचं. कुणीतरी बाजूला उभं राहावं आणि मोबाइलवर वेळ मोजावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर आजोबांना डॉक्टरांकडे घेऊन जा. बीपी तपासतो तितक्याच सहज त्यांना विचारा, “चाल कशी आहे?”