दोनशे पोळ्या आणि आईचा ठणका

पहाटे ४:५०
पुण्यात वारजे भागातल्या दोन खोल्या. गजर पाचचा आहे, पण ताई आधीच जाग्या असतात. सात तास अंथरुणात काढले तरी झोप म्हणून लागत नाही. उठायचं म्हणजे आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर भार, मग पाय खाली. बोटं मिटत नाहीत. कोमट पाण्याचा तांब्या दोन्ही हातांत धरून त्या दहा मिनिटं बसतात. तांब्या एकच. सिलिंडर दीड महिना पुरवायचा असतो.

६:१०
पोळी-भाजी केंद्र. दहा बाय बाराचा गाळा, दोन शेगड्या, तीन बायका. बसचे दहा रुपये वाचवायला ताई चालत येतात. त्यांचं वय त्रेचाळीस. इथे पोळीला दीड रुपया मिळतो. रोजच्या दोनशे पोळ्या, म्हणजे तीनशे रुपये. लाटायच्या ताईंनी, भाजायच्या दुसरीने.

आधी कणीक. दोनशे घडीच्या पोळ्यांना सहा किलो पीठ लागतं. परातीत पीठ, मीठ, तेलाचा हात, मग पाणी बेताबेताने. मळताना मनगट, कोपर, खांदा, मानेची शीर, सगळं एका ओळीत दुखतं. लाटणं परवडलं, मळणं नको, असं त्या म्हणतात. भाजणारी त्यांना विचारते, "मावशी, मीठ घातलं ना?" ताई थांबतात. आठवत नाही. चिमूटभर कणीक जिभेवर ठेवून बघतात. हे हल्ली रोजचं झालंय. नुसतं अंग नाही, डोकंही जड असतं.

७:३०
लाटण्याला लय आली आहे. उंडा, पिठी, लाटी, तेलाचं बोट, घडी, पुन्हा लाटी. तासाला सत्तरच्या आसपास पोळ्या होतात. मी शेजारी डब्यांची झाकणं पुसत बसले आहे. ताई दर वीस-पंचवीस पोळ्यांनी उजवा खांदा एकदा कानापर्यंत उचलतात आणि सोडतात. केंद्रवाल्या काकूंना आधी तो कामचुकारपणा वाटायचा. आता काही बोलत नाहीत. पोळ्या मोजूनच घ्यायच्या असतात.

"आमच्या आईचं असंच," ताई न थांबता सांगतात. भिगवणच्या बाजूला माहेर. आई खुरपायला जायची, संध्याकाळी आली की पाठ भिंतीला टेकून बसायची आणि पोरींना अंगावर पाय द्यायला लावायची. गावात त्याला वात म्हणत. घरात नाटक म्हणत.

भिगवणचं नाव निघालं म्हणून सांगते. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे घरोघर जाऊन दुखण्यांची मोजदाद केली होती. चार हजारांवर प्रौढ माणसांना विचारलं. माणसाच्या चित्रावर खूण करून घेतली, कुठे दुखतं म्हणून. पाचातल्या जवळजवळ एकाला सांध्यांचं किंवा स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं. ताईंच्या आईच्या वस्तीवर कुणी आलं होतं का, हे आईला आता आठवत नाही.

९:४०
दोनशे पूर्ण. काकू वहीत आकडा टाकतात. चहा त्यांच्याकडून, बिस्किटं आपली आपण.

१०:०५ ते १२:१५
दोन घरं. पहिल्या घरी दोन माणसांच्या पोळ्या, महिना अठराशे. दुसऱ्या घरी पोळ्या आणि एक भाजी, महिना तीन हजार. दुसऱ्या घरचा ओटा उंच आहे. ताई पायाखाली पाट घेतात. तो पाट त्यांनी स्वतः आणून ठेवला आहे.

१२:५०
धर्मादाय रुग्णालय, बाह्यरुग्ण विभाग. तपासणीचे शंभर रुपये. पुढे सोळा नंबर आहेत. मुलगी कॉलेजातून परस्पर आली आहे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने फाईल आणलीय. फाईलमध्ये दोन वर्षांचे कागद आहेत: ईएसआर, आरए फॅक्टर, थायरॉईड, ड जीवनसत्त्व. सगळं नॉर्मल. या नॉर्मलवर आजवर अठ्ठावीसशे रुपये गेले. शेवटी इथल्या डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून शरीराचे एकोणीस भाग एकेक करून विचारले, झोप विचारली, थकवा विचारला, तीन महिन्यांवर झाले का विचारलं. एकोणीसपैकी चौदा ठिकाणी होय. मग नाव मिळालं. फायब्रोमायल्जिया. ताई फायब्रो म्हणतात.

२:१०
डॉक्टर तरुण आहेत, त्यांचं जेवण व्हायचंय. आज औषध बदलायचंय, पण मुलीने आधीच फोन पुढे केला. जाहिरात आहे: थुंकीची नळी पाठवा, जनुकं तपासून घ्या. किंमत ६,९९९ रुपये. "आजीला, आईला... मग मला होणार का, हे यात कळेल का?"

डॉक्टर केसपेपर उलटा करतात. वर एक वर्तुळ काढून काळं करतात: आजी. खाली दोन वर्तुळं. एक काळं, ताई. दुसरं कुणाचं? अक्काचं. अक्का दौंडकडे उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहते, पन्नाशीला आलीय, आणि तिचं काही म्हणजे काही दुखत नाही. ते वर्तुळ कोरं राहतं. मामाचा चौकोन कोरा. मग मुलीचं वर्तुळ. तिथे पेन थांबतं.

"घराण्यात फिरतं, हे खरं आहे," ते म्हणतात. २००४ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या लेस्ली अर्नोल्ड यांनी फायब्रोच्या रुग्णांचे सख्खे नातेवाईक आणि संधिवाताच्या रुग्णांचे सख्खे नातेवाईक शेजारी ठेवून पाहिले. पहिल्या गटात फायब्रो असण्याचं गुणोत्तर साडेआठ पट निघालं. स्वीडनमध्ये हजारो जुळ्यांच्या जोड्या तपासल्या, २००६ साली. अंगभर पसरलेल्या जुनाट दुखण्यात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे निम्मा वारशाच्या खात्यावर पडला.

"आणि उरलेला?" मुलगी विचारते.

डॉक्टर ताईंच्या हातांकडे बघतात. पोळ्यांवर काही बोलत नाहीत. झोप, ताण, एखादा अपघात, एखादा मोठा आजार, एवढं म्हणतात.

मुलगी सोडत नाही. मग एखादं जनुक असेलच ना? इथे मला त्या डॉक्टरांचं कौतुक वाटलं. बाहेर नऊ माणसं होती, तरी ते सांगत राहिले. आधी संशयित थोडे होते. सेरोटोनिन उचलून परत आत नेणाऱ्या प्रथिनाचं जनुक, १९९९ पासून. मग कॉम्ट. हे जनुक जे विकर बनवतं, ते डोपामीन आणि अ‍ॅड्रिनलीनसारखी रसायनं मोडतं. त्याच्या साखळीत १५८व्या जागी एक अमिनो आम्ल बदललं की मोडण्याचं काम हळू होतं. पाच-सात वर्षं सगळे त्याच्या मागे. एका देशात संबंध दिसायचा, दुसऱ्या देशात नाही. मग मोठमोठ्या जनुकपेढ्या आल्या. २०२५ मध्ये पंचवीस लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, त्यात बहुतेक युरोपीय वंशाचे. जनुकसंचात सव्वीस जागा सापडल्या. सगळ्यात ठळक जागा हंटिंग्टिन या जनुकातली होती. याच जनुकातल्या वेगळ्या बिघाडाने हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आजार होतो.

मुलीचा चेहरा उतरला. "तो आजार हा नव्हे," डॉक्टर घाईने म्हणाले. "एवढंच दिसतं की हे प्रकरण स्नायूत कमी आणि मेंदूत, मज्जासंस्थेत जास्त आहे. दुखण्याचा आवाज तिथे मोठा केला जातो. आणि एकेका जागेचा वाटा इतका बारीक, की तुझ्या थुंकीवरून तुझ्याबद्दल काही सांगता येणार नाही. हे पैसे घालवू नकोस."

मुलीने फोनवर भागाकार केला. ४,६६६ पोळ्या.

ताईंनी एकच विचारलं. "म्हणजे आई नाटक करत नव्हती?"

"नव्हती."

ताईंनी मान हलवली आणि पिशवीतून जुनी औषधाची पट्टी काढली, डोस विचारायला.

रात्रीची गोळी तीच, दहा मिलिग्रॅमची, झोपेसाठी. दुसरी नवीन. दोन्ही मिळून महिन्याला साडेचारशे. शिवाय रोज वीस मिनिटं चालायचं. त्या रोज पहाटे चालतात, हे ताईंनी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं मला वाटतं. आणि काम सलग नाही, थांबत थांबत करायचं. मुलीच्या वर्तुळात डॉक्टरांनी काहीच भरलं नाही. झोप सांभाळ, एवढं तिला सांगितलं.

५:३०
संध्याकाळचं घर. चार माणसं, सोळा पोळ्या, डाळ-भात, महिना साडेतीन हजार. इथल्या आजी रोज विचारतात, "आज कसं आहे गं?" ताई रोज म्हणतात, "आहे की."

८:१५
अक्काचा फोन. तोडीचे पैसे अजून मिळालेले नाहीत. ताई तिला चित्राबद्दल सांगतात, दोन काळी आणि एक कोरं. अक्का हसते. "तू आईवर गेलीस, मी बापावर." थोडा वेळ दोघी आईबद्दल बोलतात. आई आता सत्तरीत आहे, भावाकडे असते. अक्का म्हणते, उद्या तिला फोन कर. ताई म्हणतात, उद्या कशाला, आत्ताच करते. करतात. आई झोपलेली असते.

८:४०
मोबाईल वाजतो. केंद्रवाल्या काकूंचा मेसेज: उद्या बारशाची ऑर्डर आहे, चाळीस पोळ्या जास्त, जमेल का. मुलगी वाचून दाखवते. साठ रुपये.

ताई खांदा कानापर्यंत नेतात, सोडतात.

"लिही. कणीक तुम्ही मळून ठेवणार असाल तर चाळीस. नाहीतर वीसच."

उत्तर यायला पाच मिनिटं लागतात. "ठेवते मळून."

"दराचंही लिहू का, आई? पावणेदोन?"

"आत्ता नको. ते एक तारखेला, समोर बसून."