सुळ्ळूरपेट्याचे लांब पायांचे पाहुणे

आंध्रच्या दक्षिण टोकाला, तमिळनाडूला लागून असलेलं सुळ्ळूरपेटा आपल्याकडे कुणाला ठाऊक असलंच, तर श्रीहरिकोट्याला जाताना उतरायचं स्टेशन म्हणून. पलीकडे अग्निबाणांचं बेट, अलीकडे गाव आणि मध्ये पुलिकतचं मचूळ पाण्याचं विस्तीर्ण सरोवर. बेटाकडे जाणारा रस्ता या सरोवरातूनच जातो आणि हिवाळ्यात त्याच्या दोन्ही अंगांना रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, दिसतात. त्यांच्याच नावानं २००१ साली इथं फ्लेमिंगो महोत्सव सुरू झाला.

महोत्सवाचा थाट कुठल्याही सरकारी उत्सवासारखाच. मांडव, स्टॉल, पुढाऱ्यांची भाषणं, रात्री नाचगाणी. भीमुलवारिपालेमला नौकाविहार आणि पक्षी बघायला नेलपट्टू.

खरा ऐवज नेलपट्टूतच आहे. इथल्या तळ्यात झाडं पाण्यातच उभी असतात आणि त्यांच्या शेंड्यांवर झोळीवाल्यांची (पेलिकनची) दाटीवाटीनं घरटी. पिल्लू आईबापांच्या चोचीखालच्या झोळीत पार मानेपर्यंत डोकं खुपसतं आणि मासा ओढून काढतं. पक्ष्यांच्या विष्ठेनं तळ्याचं पाणी कसदार होतं, तेच पाणी शेताला मिळतं. म्हणून गावकऱ्यांनी ही वसाहत जपली. अभयारण्याचा शिक्का १९७६चा, महोत्सव तर त्यानंतर पंचवीस वर्षांनी आला.

जानेवारी २०२०नंतर महोत्सवात खंड पडला. आधी कोरोना आडवा आला, पण तो सरल्यावरही मांडव काही उभा राहिला नाही. मधल्या काळात, २०२२च्या फेररचनेत, गाव नेल्लोर जिल्ह्यातून तिरुपती जिल्ह्यात गेलं. २०२४मध्ये राज्यात सत्ताबदल झाला आणि जानेवारी २०२५मध्ये महोत्सव पुन्हा वाजतगाजत भरला.

पाहुण्यांची गरज मात्र वेगळीच आहे. रोहित मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि पाणी गाळून त्यातले बारीक जीव खातो. त्याला उथळ, मचूळ पाणी हवं, आणि ते टिकतं समुद्राशी जोडणाऱ्या मुखांमुळे. ही मुखं वाळूनं बुजत चालली आहेत. ती उपसा, ही मच्छीमारांची मागणी जुनीच. मुख बुजलं की त्यांचंही जाळं रिकामं येतं. महोत्सवानं गावाला नाव दिलं, आसपासच्या पोरांना पक्ष्यांची ओळख दिली, हे मान्यच. पण त्याच्या यशाचा हिशेब गर्दीवरून मांडणं मला पटत नाही. मुखातून किती पाणी आत आलं, यावरून तो मांडायला हवा.

जायचं असेल तर महोत्सवाचे दिवस टाळा. चेन्नईहून सुळ्ळूरपेट्याला लोकल मिळते. डिसेंबर-जानेवारीतली साधी सकाळ निवडा आणि दुर्बीण विसरू नका.