औषधांच्या वेळापत्रकात एक दिवस संग्रहालयाचा

वय वाढते तसतशी घराबाहेर पडण्याची कारणे कमी होत जातात. आधी गावी जाणे थांबते, मग लग्नकार्ये, मग संध्याकाळचा फेरफटका. शेवटी उंबरठा ओलांडला जातो तो केवळ रक्ततपासणीसाठी. विठ्ठलवाडी परिसरातील अनेक घरांत मला हे दिसते. गुडघेदुखी, तोल जाण्याची भीती, लघवीची घाई, लोकलची गर्दी ही कारणे खरी आहेत. परंतु घरात बसून राहिल्याने ती दूर होत नाहीत. स्नायू अधिक दुर्बल होतात, पडण्याचा धोका वाढतो आणि बोलायला नवे काही न उरल्याने मनही कोमेजते. म्हणून आपणांस एक सहल सुचवतो : भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि त्याला लागून असलेली राणीची बाग.

दोन डॉक्टरांचा वारसा

निसर्ग, विज्ञान, उद्योग आणि कला यांना एकत्र मांडण्याची कल्पना आजची नव्हे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने मुंबईत जमवलेल्या वस्तूंतून या संग्रहाचा आरंभ झाला. निसर्गविज्ञान, अर्थव्यवहार, भूशास्त्र, उद्योग व कला हे सारे विषय त्याच्या मूळ नावातच गुंफलेले होते. १८५७ च्या धामधुमीत संग्रह विस्कटला, तेव्हा डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी तो सावरला. पुढे नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांच्या पुढाकाराने स्वतंत्र वास्तू उभी राहिली व १८७२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर असलेले भाऊ दाजी कुष्ठरोगावर वनस्पतिजन्य औषधाचे प्रयोग करीत आणि प्राचीन शिलालेखही वाचीत. १९७५ मध्ये संग्रहालयाला त्यांचे नाव देण्यात आले.

येथे जुन्या मुंबईतील माणसांच्या मातीच्या प्रतिकृती, गलबतांचे नमुने, नकाशे, धातुकाम आणि चिनी मातीची भांडी पाहता येतात. समकालीन कलावंतांची प्रदर्शनेही भरतात. बाहेरच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. शेजारच्या बागेत तीन हजारांहून अधिक झाडे आहेत. कैलासपती, उर्वशी, गोरखचिंच यांच्या सावलीत नुसते बसणेही सुखाचे. नातवंडे सोबत असतील, तर यंत्रांनी थंड ठेवलेल्या दालनातले पेंग्विन पाहण्याचा हट्ट ती धरतीलच.

याचा प्रकृतीला काय उपयोग?

इंग्लंडमधील पन्नाशीपुढच्या सहा हजारांहून अधिक व्यक्तींचा सुमारे १४ वर्षे पाठपुरावा करणारा एक अभ्यास २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. दर काही महिन्यांनी किंवा त्याहून अधिक वेळा संग्रहालय, कलादालन, नाटक वा मैफलीला जाणाऱ्यांत मृत्यूची जोखीम कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी आढळली. आर्थिक स्थिती, आजार आदी बाबींचा हिशेब करूनही हा फरक उरला. तरीही केवळ संग्रहालयामुळे आयुष्य वाढते, असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र चालणे, पाहणे, आठवणे आणि बोलणे या चारही गोष्टी एकाच दिवशी घडवणारी गोळी माझ्या माहितीत नाही.

निघण्यापूर्वी

• दोन्ही ठिकाणे बुधवारी बंद असतात. जाण्यापूर्वी चौकशी करून घ्यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

• विठ्ठलवाडीहून सकाळची गर्दी ओसरल्यावर निघावे आणि संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी परतावे. लिफ्ट किंवा सरकता जिना कोणत्या बाजूला आहे, हे घरातील तरुणांनी आधी पाहून ठेवावे. भायखळा स्थानकापासून बागेपर्यंत टॅक्सी करावी. चालण्याची ताकद आत लागणार आहे.

• लघवी वाढवणारी गोळी स्वतःहून बंद करू नये. त्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. लघवीच्या भीतीने पाणी पिणे सोडू नये, त्याने चक्कर येते. पोहोचताच स्वच्छतागृह कुठे आहे, हे पाहून घ्यावे.

• मधुमेहाचे औषध वा इन्सुलिन घेऊन उपाशी निघू नये. खिशात साखर, औषधांची यादी आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक असावा. चष्मा, श्रवणयंत्र, काठी आठवणीने घ्यावी.

• छातीत दाब, धाप किंवा घेरी जाणवल्यास तेथेच बसावे आणि विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी. नुकताच हृदयविकाराचा झटका, शस्त्रक्रिया किंवा पडण्याचा प्रसंग झाला असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे.

थोडे पाहा, निवांत पाहा

सगळे पाहण्याचा अट्टहास नको. पाच-सहा वस्तू पुरेत. जिना जमत नसेल, तर तळमजल्यावरच रमावे. दर वीस मिनिटांनी बसावे. उठल्यावर क्षणभर उभे राहून मगच पाऊल टाकावे.

सोबत्यांना एक विनंती. स्मृतिभ्रंश असलेल्या आईवडिलांना "हे काय आहे, सांगा बरं" असे विचारू नका. ती परीक्षा ठरते आणि उत्तर न आल्यास माणूस खजील होतो. त्याऐवजी "यातली कुठली पगडी आवडली?" असे विचारा. या प्रश्नाचे उत्तर चुकत नाही. कधी त्यातूनच एखादी जुनी आठवण वर येते. ती चुकीच्या सालाची निघाली, तरी दुरुस्त करू नका. ऐका. आणि हा दिवस आपलाही आहे, हे विसरू नका. वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्यालाही झाडाखाली बसून डबा खाण्याचा हक्क आहे.

एवढा प्रवास झेपणार नसेल, तर जवळच्या एखाद्या चित्रप्रदर्शनापासून किंवा पुष्पप्रदर्शनापासून आरंभ करावा. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा आपल्या डॉक्टरांना रक्तदाबाच्या नोंदींसोबत हेही सांगा, की या महिन्यात आपण काय पाहिले.